जमाखर्चाचे शिक्षण (कोकण किनारपट्टी)

हातात येणारा पैसा, होणारा खर्च आणि पुढे लागणारी रक्कम यांची आधीच सांगड घालण्याची सवय मुलांना लावणे, म्हणजे वैयक्तिक अंदाजपत्रकाचे शिक्षण. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर ‘अंदाजपत्रक’ हा शब्द ग्रामपंचायतीच्या सभेत ऐकू येतो; घरात ‘जमाखर्च’ आणि ‘बेगमी’ हेच शब्द चालतात. पावसाआधी तांदूळ, सुकी मासळी, आमसुले आणि लाकूडफाटा भरून ठेवणे ही बेगमी. पैशाचीही तशीच बेगमी करावी लागते, हे इथल्या मुलांना शिकवण्याचे मुख्य सूत्र आहे.

पैशाच्या नियोजनाच्या शिबिरांत फळ्यावर हमखास लिहिले जाणारे सूत्र वेगळे असते : उत्पन्नातले 50 टक्के गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचतीला. अमेरिकेतून आलेला हा हिशेब महिन्याच्या पगारावर बेतलेला आहे. शिक्षकाच्या किंवा एसटी वाहकाच्या घरात तो बसतो. बागायतदाराच्या आणि खलाशाच्या घरात मात्र पहिल्याच महिन्यात मोडतो. हापूस आणि काजूबीचा बहुतेक पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत येतो. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंद असते. त्याच जूनमध्ये शाळा उघडते, आणि पाठोपाठ भादव्यातले गणपती येतात. ‘ऋण काढून सण’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणून वही महिन्याची न करता वर्षाची करावी, आणि ती जूनपासून सुरू करावी.

सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, काजूबिया वेचून विकणाऱ्या सहावी-सातवीतल्या मुलाचे उदाहरण घेऊ. हंगामाअखेर त्याच्याकडे 1,200 रुपये जमले. त्यातले 300 दप्तर-वह्यांना आणि 180 गणपतीतल्या हौसेला बाजूला काढले, की 720 उरतात. जून ते फेब्रुवारी हे नऊ महिने त्यावर काढायचे, म्हणजे महिन्याला 80 रुपये. हा भागाकार त्याने स्वतः केला की मे महिन्यातली श्रीमंती किती पातळ असते ते त्याला दिसते. गणपतीला आलेले मुंबईकर काका-आत्या ‘खाऊला’ म्हणून जी नोट हातात ठेवतात, ती या हिशेबात धरू नये. मिळाली तर जमेला लिहावी, एवढेच.

बागायतदाराच्या घरात वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून येणारी ‘पट्टी’, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हे उत्तम पाठ्यपुस्तक ठरते, आणि शाळेत ते कुणी वापरत नाही याचे आश्चर्य वाटते. वर पेट्यांची विक्री, खाली गाडीभाडे, हमाली, तोलाई, आणि हंगामाआधी दलालाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे ‘उचल’, वळती. वरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा एक नसतो, ही गोष्ट मूल तिथे एकदाच शिकते. फवारणीचा, राखणीचा आणि पेट्यांचा खर्च पट्टीत दिसत नाही. तो घरच्यांनी शेजारी लिहून दाखवावा लागतो. बंदरावर हेच काम ‘वाट्या’चा हिशेब करतो : लिलावाच्या रकमेतून डिझेल आणि बर्फ वजा झाल्यावरच मालकाचे आणि खलाशांचे वाटे पडतात.

बचतीसाठी 10 वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये बँकांना दिली, आणि 2025 मध्ये त्या सूचना सुधारून काढल्या. अशा खात्यावर शिल्लक उणे होऊ देता येत नाही. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला किमान 100 रुपये भरायचे असतात. चुकलेल्या हप्त्यावर दंड पडतो. हंगामी घरांत हप्ता पावसाळ्यात हमखास चुकतो. सहा किंवा अधिक हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर थोडी सूटही मिळते, ही माहिती म्हणूनच व्याजदरापेक्षा आधी द्यायला हवी. मे महिन्यात सहा हप्ते भरून मोकळे होणे, हीही बेगमीच.

अडीनडीच्या पैशाचे महत्त्व किनाऱ्यावरच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात झोपवल्या, आणि जुलै 2021 च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. नवी पोफळ धरायला वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालते, हा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तरे मुलांकडूनच येतात.

यूपीआय 2016 मध्ये आले आणि आता वाडीतल्या दुकानातही क्यूआर कोड चिकटवलेला असतो. नोट मोडताना जे जाणवते ते फोनवर जाणवत नाही. रविवारी फोनमधली यादी उघडून आठवड्याचा खर्च वहीत उतरवायला बसावे, तर आणखी एक घोटाळा होतो : दुकानाच्या पाटीवर एक नाव, फोनमध्ये मालकाचे किंवा त्याच्या बायकोचे दुसरेच. वीस रुपये नेमके कशाला गेले ते चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही, म्हणून वही रात्री, जेवणाआधी लिहायची.