इन्हेलर-शिक्षणातील खेळ (कोकण किनारपट्टी)

इन्हेलर-शिक्षणातील खेळ : दमा आणि दीर्घकालीन अडथळाजन्य फुप्फुसविकार (सीओपीडी) असलेल्या रुग्णांना श्वासावाटे घ्यायची औषधे बिनचूक घेता यावीत, यासाठी पट, पत्ते, फुंकण्या-ओढण्याची खेळणी व मोबाइलवरचे खेळ यांचा केलेला वापर. बोलीत इन्हेलरला ‘पंप’ म्हणतात. कोरड्या भुकटीची कॅप्सूल ती ‘रोटाकॅप’; ती वेगळ्या यंत्रात घालून भुकटी श्वासाने ओढायची असते. या नोंदीत ‘पंप’ हा शब्द फक्त दाबाखालील फवाऱ्यासाठी वापरला आहे. व्यवहारात दोन्ही साधनांना पंपच म्हणतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

श्वासावाटे औषध घेण्याची कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमपानाचा विधी आहे आणि धूर नाकावाटे न सोडता तोंडावाटेच सोडावा, असा दंडकही आहे. म्हणजे श्वास कोठून घ्यावा व कोठून सोडावा, हा तेव्हाही शिकवण्याचाच विषय होता. आजचा पंप अमेरिकेत १९५६ मध्ये बाजारात आला.

तंत्र व चुका : औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तरच तो खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोचतो, मोठे कण घशात अडकतात. पंपातून कण वेगाने सुटतात, म्हणून श्वास सावकाश, तीन ते पाच सेकंद ओढायचा आणि ओढायला सुरुवात करतानाच डबी दाबायची. भुकटीच्या यंत्रात फवारा नसतो. तिथे कण मोकळे करण्याचे काम रुग्णाच्या ओढीलाच करावे लागते, म्हणून श्वास जोरात व खोल घ्यायचा. दोन्हींत आधी श्वास पूर्ण सोडायचा (यंत्रात नव्हे, बाहेर), औषध ओढल्यावर शक्य तर दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा आणि औषध स्टेरॉइडचे असेल तर चूळ भरायची.

१९७५ ते २०१४ या काळातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ५४ हजारांहून अधिक व्यक्तींच्या या आढाव्यात तंत्र बरोबर असल्याचे प्रमाण सुमारे ३१ टक्के निघाले आणि चाळीस वर्षांत त्यात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. पंप वापरताना दाबणे व ओढणे यांचा मेळ न बसणे ४५ टक्के, वेग वा खोली चुकणे ४४ टक्के आणि नंतर श्वास न रोखणे ४६ टक्के आढळले. भुकटी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक आधी श्वास पूर्ण सोडत नव्हते. शिकवलेले तंत्र चार ते सहा आठवड्यांत पुन्हा बिघडते, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकाही मानतात. खेळाची बाजू येथे बळकट होते : तेच व्याख्यान चौथ्यांदा ऐकायला कोणी बसत नाही, डाव मात्र चौथ्यांदाही मांडता येतो.

ओढण्याचे खेळ : मुलांचे श्वासाचे खेळ बहुतेक सोडण्याचे आहेत. पिपाणी, फुगा, साबणाचे फुगे, सगळे फुंकण्याचे. हुतुतूत ‘दम’ टिकवायचा असतो, पण तोही सोडत सोडत. (दम आणि दमा हे दोन्ही शब्द फारसीतील ‘श्वास’ या अर्थाच्या शब्दाकडे जातात.) त्यामुळे तोंडाशी काही लावले की फुंकर मारावी, ही सवय लहानपणीच जडते आणि साठाव्या वर्षी रुग्ण भुकटीच्या यंत्रात फुंकर मारून औषध ओले करतो.

‘शहाळं पिता तसं ओढा’ ही कोकणात सहज सुचणारी सूचना अर्धीच बरोबर आहे. शहाळ्याचे पाणी गालांच्या ओढीने येते, छाती जागची हलत नाही. त्याऐवजी कागदाच्या चिटोऱ्याचा खेळ अधिक नेमका ठरतो. तळहाताएवढा कागदाचा तुकडा नळीच्या टोकाला श्वासाने चिकटवून धरायचा आणि एका ताटलीतून दुसरीत नेऊन ठेवायचा. गाल ओढून तो क्षणभर चिकटतो, पण पाच आकडे टिकत नाही. त्यासाठी छातीतूनच सावकाश श्वास घ्यावा लागतो. कागद थरथरू लागला की ओढ तुटत असल्याचे खेळणाऱ्याला स्वतःलाच दिसते. चिटोऱ्याऐवजी चिंचोका वा वाटाणा कधीही घेऊ नये. तो नळीतून घशात जाऊ शकतो. पिपाणीही अगदीच टाकाऊ नाही. आधी पिपाणी वाजवून छाती रिकामी करायची व लगेच नळी उचलायची, असा जोडखेळ केला तर ‘आधी सोडा, मग ओढा’ हा क्रम अंगवळणी पडतो. श्वास रोखण्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळा शब्द शोधावा लागत नाही : ‘बुडी मारल्यासारखं धरा’ एवढे पुरते.

सरावासाठी शिटीची साधनेही मिळतात. त्यांपैकी एकात योग्य वेगाला एकच स्वर वाजतो, वेग वाढला की दोन.

मोक्षपट : पटावरचे शिक्षण म्हटले की सापशिडी पुढे येते. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. त्याचे मूळ महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांशी जोडतात आणि तो १३ व्या शतकातील मानतात. मात्र आज उपलब्ध असलेले पट बहुतेक १८ व्या शतकापासून पुढचे आहेत. पश्चिम भारतातील जैन परंपरेत ८४ घरांचा ज्ञानचौपड आढळतो, वैष्णव पटांची घरसंख्या वेगळी असते, आणि यांपैकी कोणता आधीचा यावर एकमत नाही. ज्ञानेश्वरांनी पट रचला, हे म्हणणे नंतरच्या परंपरेवर उभे आहे. पट मराठी संतपरंपरेत रुजला, पण तेथेच जन्मला असे म्हणण्यास पुरेसा आधार दिसत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडात १८९२ च्या सुमारास त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात मोक्ष गेला, साप-शिड्या राहिल्या.

इन्हेलरच्या दृष्टीने मोक्षपटाची मर्यादा स्पष्ट आहे. त्यात दान कवड्या ठरवतात. खेळणाऱ्याच्या श्वासाला काम नाही. म्हणून तंत्र शिकवायला तो दुबळा. गैरसमज काढायला मात्र उत्तम, कारण मुळात तो चुकीच्या वागणुकीचे फळ दाखवण्यासाठीच होता. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘बरं वाटलं, औषध बंद’ ही घरे सापाच्या तोंडी द्यावीत. रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणे हा सर्वांत लांब साप. दवाखान्यात ही चूक खरोखर आढळते.

गंजिफा : क्रम शिकवायला पत्ते बरे. सावंतवाडीची गंजिफा गोल, हाताने रंगवलेली असते. दशावतारी संचात दहा रंग व प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. कृतीच्या पायऱ्या अशा पानांवर चितारून ती पिसून क्रमाने लावायला देता येतात. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याच्याही हाती ही पाने देता येतात. गंजिफेत निम्म्या रंगांत दहापासून एक्क्यापर्यंत पाने उतरत जातात आणि उरलेल्या रंगांत नेमके उलट. एकाच डावात दोन उलटे नियम लक्षात ठेवायची ही सवय ‘पंप सावकाश, भुकटी जोरात’ यासाठी आयतीच कामी येते.

संगणकीय खेळ १९९० च्या दशकापासून आहेत. दमा असलेल्या डायनोसॉरला औषधे देत पुढे नेण्याचा एक अमेरिकन खेळ परिचित आहे.

स्थानिक परिस्थिती : चुलीचा धूर, भातरोपांसाठी राब भाजताना होणारी धग व धूर, काजूबिया भाजतानाची वाफ, चिरेखाणीची धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी ही श्वासविकाराची कोकणातील ओळखीची कारणे. दमट हवेचा परिणाम औषधावरही होतो : जिलेटिनची कॅप्सूल मऊ पडते, भुकटीच्या गुठळ्या होतात. चुलीवरच्या फळीवर ठेवलेली कॅप्सूलची उघडी बाटली हे घर पटावर हवेच.

दक्षता : तोंडाला लावायची नळी वा शिटी प्रत्येकाची वेगळी असावी; क्षयरोगाच्या प्रदेशात याला पर्याय नाही. सराव रिकाम्या साधनावर करावा, औषधाच्या पंपावर नव्हे. वृद्ध रुग्णांत चढाओढ लावू नये. लागोपाठ खोल श्वासांनी चक्कर येते. लहान मुलांना पंपासोबत स्पेसर (पंप व तोंड यांच्यामध्ये धरायचे पोकळ नळकांडे) देतात. ५०० मिलीची प्लास्टिकची बाटली नीट सांधून केलेला स्पेसरही नेहमीच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो, असे दक्षिण आफ्रिकेतील १९९९ च्या अभ्यासात दिसले. काही तयार स्पेसरमध्ये श्वास फार जोरात घेतला की शिटी वाजते. ती चूक झाल्याची खूण आहे, पण मुलाला ते बक्षीस वाटते आणि ते मुद्दाम जोर लावते. अशा वेळी खेळाचा नियमच उलटा सांगावा लागतो : ज्याची शिटी वाजली, त्याच्यावर राज्य.