रेडीबूस्ट आणि पेजफाइल: एकात नक्कल, दुसऱ्यात अस्सल

‘पेनड्राइव्ह लाव, रॅम वाढेल,’ असं सांगणारा कोणीतरी कधी ना कधी भेटतोच. हेतू चांगला असतो, पण त्याच्या डोक्यात विंडोजच्या दोन वेगळ्या सोयींची, रेडीबूस्ट आणि पेजफाइल यांची, सरमिसळ झालेली असते.

मी फरक असा लक्षात ठेवतो: मशीन चालू असताना, त्या सोयीचा मजकूर जिच्यावर आहे ती वस्तू उपटली तर काय होईल?

रेडीबूस्टचा पेनड्राइव्ह खुशाल उपटा, काही बिघडत नाही. त्यात असते ती हार्ड डिस्कवरच्या मजकुराची नक्कल, तीही एन्क्रिप्ट केलेली. २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत ही सोय घरोघरी पोचली, तेव्हा बहुतेक मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असायची. विखुरलेला छोटा-छोटा मजकूर गोळा करताना तिचं मजकूर वाचणारं डोकं इकडून तिकडे धावायचं आणि दर खेपेला काही मिलिसेकंद जायचे. पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश चिपमध्ये काही फिरतच नाही, तिला धावायचं कामच नाही, म्हणून असे तुकडे पेनड्राइव्हवरून उचलायचे आणि सलग मोठी फाइल मात्र हार्ड डिस्ककडूनच घ्यायची, अशी ही वाटणी. रॅम होती तेवढीच राहते.

पेजफाइलचं उलट आहे. रॅम भरत आली की विंडोज काही पानं, म्हणजे मेमरीतल्या मजकुराचे छोटे तुकडे, तिथून काढून डिस्कवरच्या या फाइलमध्ये ठेवतं. बराच वेळ न उघडलेला ब्राउझरचा टॅब, मागे पडून राहिलेला प्रोग्राम, असं काहीबाही. त्या पानांची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणून पेजफाइल निघून जाईल अशा वस्तूवर ठेवता येत नाही. ती जागा निवडायच्या यादीत पेनड्राइव्हचं नाव सहसा येतच नाही. ‘फ्लॅश वापरून मेमरी वाढवली’ असं म्हणायचंच असेल, तर ते एसएसडीवरच्या, म्हणजे फ्लॅशच्याच बनलेल्या आतल्या डिस्कवरच्या, पेजफाइलबद्दल म्हणता येईल. तेही हात राखूनच, कारण रॅमला नॅनोसेकंद लागतात तिथे एसएसडीला मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ढोबळमानाने हजारपट उशीर.

आता विंडोज १० चालवणारा, ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅशची साठवण) असलेला छोटा लॅपटॉप घ्या. सी ड्राइव्हचा पट्टा लाल, अपडेटला जागा नाही. मालक पेनड्राइव्ह लावतो, प्रॉपर्टीजमध्ये रेडीबूस्टचा टॅब उघडतो, आणि तिथे विंडोजच सांगू शकतं की हे मशीन पुरेसं वेगवान आहे, रेडीबूस्टचा फायदा होणार नाही. यात चेष्टा नाही. आतली डिस्कच फ्लॅशची असेल तर तिच्यापुढे पेनड्राइव्ह ठेवून काय मिळणार? शिवाय रेडीबूस्टने सी ड्राइव्हवरची जागा एक एमबीनेही मोकळी होत नाही.

मग काही जण पेजफाइलच बंद करून टाकतात. जागा सुटते खरी, पण एवढ्या कमी रॅमवर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार टॅब जास्त उघडले की मेमरी संपल्याचा इशारा येतो आणि प्रोग्राम न सांगता बंद पडतात. जतन न केलेलं काम गेलंच. आकार विंडोजकडेच सोडलेला बरा. पेजफाइलला ते ड्राइव्हच्या एक अष्टमांशाच्या पुढे जाऊ देत नाही. डेस्कटॉपला जोडीला मोठी हार्ड डिस्क असेल तर पेजफाइल तिकडे हलवता येते, पण मग वर सांगितलेली ती डोक्याची धावाधाव परत पदरात पडते.

जागाच हवी असेल तर मेमरीच्या वाटेला न जाता फोटो, व्हिडिओ, डाउनलोड मेमरी कार्डवर हलवा. हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायची सोय, वापरत नसाल तर तेही बंद करा. त्याची लपलेली फाइल रॅमच्या प्रमाणात जागा अडवून बसलेली असते, आणि छोट्या ड्राइव्हवर एवढ्यानेही अपडेटपुरती जागा होऊन जाते.