चरित्रवाचन (मराठवाडा)

चरित्रवाचन (मराठवाडा) : थोर व्यक्तींच्या जीवनकथा वाचण्याची, आणि त्याहून अधिक त्या वाचून घेऊन ऐकण्याची मराठवाड्यातील परंपरा. आत्मचरित्रांचा विचार येथे केलेला नाही.

परंपरेचा आरंभ सामान्यतः म्हाइंभटाच्या लीळाचरित्रापासून, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या चरित्रापासून धरतात. ग्रंथ सिद्ध झाला विदर्भातील ऋद्धिपूर येथे; पण त्यातील पैठण, वेरूळ, बीड ही स्थळे मराठवाड्यातील आहेत. रचनाकाळ वादग्रस्त आहे. शके १२०० (इ. स. १२७८) हे वर्ष रूढ आहे, काही अभ्यासक ते सुमारे एक दशक पुढे नेतात. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर (उत्तरेकडे कायमचे निघून गेल्यावर) म्हाइंभटाने प्रत्यक्षदर्शींना गाठून आठवणी मिळवल्या आणि त्या चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. ती मान्य केल्यास एकाच वर्षाचा आग्रह टिकत नाही. काम काही वर्षे चालले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मूळ पोथी ‘खालशाच्या धाडी’त, म्हणजे सुलतानी फौजेच्या हल्ल्यात, नाहीशी झाली व स्मरणावरून पुन्हा सिद्ध केली गेली, असे पंथात मानतात. आज आढळणारे अनेक पाठ त्यातूनच निघाले. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे ग्रंथाचे विभाग आहेत. लीळा, म्हणजे चक्रधरांची एकेक आठवण, बहुधा आटोपशीर, कधी चार-सहा वाक्यांची. गाव, माणूस आणि बोललेले शब्द यांवरच ती उभी राहते. एक संपली की पुढची वाचल्यावाचून राहवत नाही. मात्र पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत असल्याने पंथाबाहेरच्या श्रोत्याला हे चरित्र विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ बंदच होते. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली.

सर्वसामान्यांची गोडी वाढवली ती संतचरित्रांनी. ज्ञानेश्वरांचे चरित्र सांगणारी ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ ही अभंगप्रकरणे नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांतील काही भाग उत्तरकालीन विष्णुदास नामा याचा असावा, अशी शंका घेतली जाते. नामदेवांचे जन्मस्थान नरसी (जि. हिंगोली) की पंढरपूर, हाही वाद आहे. समाधिवर्णनातील अभंगांचा जिव्हाळा पाहता समकालीन गाभा नाकारणे कठीण आहे.

महिपतीचा भक्तविजय (शके १६८४, इ. स. १७६२, अध्याय ५७) हा पारायणातील प्रमुख चरित्रग्रंथ. कवी ताहराबादचा, म्हणजे मराठवाड्याबाहेरचा. तरी त्याची ओवी या भागाने आपलीच मानली. चातुर्मासात देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर पोथी लावतात. एकजण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. तेरचे गोरोबाकाका कुंभार मडकी थापण्याचे थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांवर थापट्या मारतात, नामदेव कच्चा ठरतो आणि गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातो, हा कथाभाग ऐकताना श्रोत्याला तेर आणि औंढा ही पायाखालची गावे भेटतात. गंगाखेडची जनाबाई व पैठणचे एकनाथ यांच्या कथांनाही हेच लागू आहे. चरित्र खिळवून ठेवते ते चमत्काराने, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या भागात ते काम ओळखीच्या गावाने केले आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगातील (उत्तरार्धातील) आख्यानालाही याच आवडीचा आधार मिळाला.

निजाम राजवटीत शिक्षणात उर्दूला प्राधान्य असल्याने छापील मराठी चरित्रांचा प्रसार मर्यादित राहिला. १९४८ नंतर तो वाढला. स्वामी रामानंद तीर्थ व मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या जीवनकथांना तेव्हापासून वाचक लाभला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राचा वाचकवर्ग स्वतंत्र व मोठा आहे. चांगदेव खैरमोडे यांचे बहुखंडी चरित्र १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. छत्रपती संभाजीनगर येथे १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले त्या नामविस्तारदिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ पुस्तकांची दुकाने लागतात. गावाकडून आलेली माणसे तेथून बाबासाहेबांचे चरित्र घरी नेतात.