१२२ की १२३? शेवटचा आकडा ताकद सांगत नाही

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १९६० च्या दशकातल्या कब कॅडेट या छोट्या बागकामाच्या ट्रॅक्टरबद्दल एक समज घट्ट आहे: १२३ म्हणजे १२२ पेक्षा जास्त ताकदीचा. हे साफ चूक आहे. दोन्हींत १२ अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं कोहलर के३०१ इंजिन आहे. फरक मागे, चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या यंत्रणेत आहे. १२२ ला क्लच आणि तीन गिअर, १२३ ला हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी पंपाने दाबलेल्या तेलावर चाकं फिरवणारी यंत्रणा. पुढे १२४-१२५, १२६-१२७ मध्येही हाच क्रम: सम गिअरचा, विषम हायड्रोचा. (७१ आणि ७३ मात्र विषम असूनही गिअरचेच.)

विकत घेताना हायड्रो न्यूट्रलला ठेवा. तरी गाडी सरकत असेल, तर लिव्हरला जोडलेल्या ट्रनियनची (पंपाचा वेग-दिशा बदलणाऱ्या भागाची) खाच झिजलेली असू शकते. मागच्या यंत्रणेतलं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ते आधी बदला, नाहीतर पंप जाईल.