जेसीच्या संमतीपत्रात काय नव्हतं

जेसी गेल्सिंगर 18 वर्षांचा होता आणि तसा धडधाकट होता. प्रथिनं पचताना शरीरात अमोनिया तयार होतो आणि यकृत त्याचा युरिया करून टाकतं. या कामाला लागणारं ओटीसी नावाचं एक विकर (एन्झाइम) त्याच्याकडे कमी होतं. ज्या बाळांमध्ये ते जवळपास नसतंच, त्यांच्या रक्तात अमोनिया साचत जातो आणि बरीचशी जन्मल्यावर काही दिवसांतच दगावतात. जेसीचा आजार सौम्य होता. पथ्य आणि रोजच्या ढीगभर गोळ्यांवर त्याचं ठीक चाललं होतं.

फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याच आजारावर जनुक उपचाराची चाचणी सुरू होती. ती फक्त सुरक्षितता तपासण्यासाठी होती. आपल्याला फायदा होणार नाही, हे जेसीला माहीत होतं. पुढे त्या बाळांना होईल म्हणून तो तयार झाला. 13 सप्टेंबर 1999 रोजी त्याच्या यकृताच्या रोहिणीत अब्जावधी विषाणू सोडले गेले. सर्दी-पडशाला कारण होणारा हा अ‍ॅडिनोव्हायरस दुबळा करून, यकृताच्या पेशींत पोचवण्यासाठी त्यात ओटीसीचं निरोगी जनुक बसवलं होतं. जेसी सर्वाधिक मात्रेच्या गटात होता. त्याची प्रतिकारशक्ती त्या विषाणूंवर तुटून पडली, ताप चढला, कावीळ झाली, मग एकेक अवयव निकामी होत गेला. 17 सप्टेंबरला तो गेला.

नव्या उपचारात धोका असतोच, आणि हे सारं तिथेच संपलं असतं तर मी त्याला दुर्दैव म्हटलं असतं. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कागदपत्रं तपासली. जेसीच्या रक्तातला अमोनिया चाचणीच्या नियमात बसत नव्हता. आधीच्या काही रुग्णांच्या यकृतावर झालेले दुष्परिणाम वेळेवर कळवले नव्हते. अशाच उपचाराच्या आधीच्या, अधिक तीव्र रूपामुळे काही माकडं मेली होती; तो उल्लेख जेसीला दिलेल्या संमतीपत्रात नव्हता.

ही चाचणी करणाऱ्या, विद्यापीठातल्या जनुक उपचार संस्थेचे प्रमुख जेम्स विल्सन यांनी 1992 मध्ये जिनोव्हो नावाची कंपनी काढली होती. ती त्यांच्या संशोधनाला पैसा पुरवत होती, तिच्यात त्यांचे समभाग होते, विद्यापीठाचाही वाटा होता. पैशासाठी कुणी जाणूनबुजून जेसीचा जीव धोक्यात घातला, असं मी म्हणत नाही. विल्सन यांना ती बाळं वाचवायची होती, यावर माझा विश्वास आहे. पण ज्याची कीर्ती आणि कंपनी दोन्ही एका निकालावर टांगलेली असतात, त्याला यकृताचा वाईट अहवाल ‘तात्पुरती बाब’ वाटू लागतो. खोटं न बोलताही माणूस गप्प राहतो. म्हणून मोजमाप ज्याच्या हाती, त्याचा त्या औषधाच्या नफ्यात वाटा नसावा, असं मला ठामपणे वाटतं.

2005 मध्ये सरकारशी तडजोड झाली. विद्यापीठाने पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम भरली, विल्सन यांच्यावर मानवी चाचण्यांबाबत काही वर्षं निर्बंध आले. दोघांनीही दोष मान्य केला नाही.

विल्सन यांच्या प्रयोगशाळेने पुढे एएव्ही या सौम्य विषाणूवर काम केलं. तिथेच सापडलेला एएव्ही-9 आज स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजारावरच्या झोलजेन्स्मा या औषधाचा, म्हणजे त्यातलं जनुक पेशींत नेणारा, वाहक आहे. मे 2019 मध्ये ते मंजूर झालं, तेव्हा एका डोसची किंमत 21 लाख डॉलरहून अधिक होती. 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणीतून सोळा कोटी रुपये उभे राहिले, ते याच औषधासाठी; केंद्राने त्यावरचे कर माफ केले होते. स्नायू लुळे पडत चाललेल्या बाळांना या औषधाने मान धरायला, बसायला लावलं, हे खरंच मोठं यश आहे.

तरीही त्यातही तेच घडलं. उंदरांवरच्या काही चाचण्यांच्या आकडेवारीत फेरफार झाल्याचं अ‍ॅव्हेक्सिस या उत्पादक कंपनीला मार्च 2019 मध्येच, म्हणजे मंजुरीच्या आधी, कळलं होतं. नोव्हार्टिस या औषध कंपनीने ही कंपनी आदल्याच वर्षी 8.7 अब्ज डॉलरला घेतली होती. औषध प्रशासनाला हे सांगितलं गेलं ते जूनच्या अखेरीस, मंजुरी पदरात पडल्यावर. माणसांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष शाबूत होते, म्हणून औषध बाजारात राहिलं. पण ते शाबूत आहेत की नाहीत, हे ठरवायची संधी औषध प्रशासनाला मंजुरीआधी मिळायला हवी होती.

त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी 2018 मध्ये, विल्सन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. एएव्ही-9 च्याच जातकुळीतल्या विषाणूची मोठी मात्रा दिल्यावर माकडं आणि डुकराची पिल्लं गंभीर आजारी पडली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मोठ्या मात्रांच्या या काळजीपोटी ते एका जनुक उपचार कंपनीच्या सल्लागार मंडळातूनही बाहेर पडले. या वेळी माकडांचं काय झालं ते सगळ्यांना वाचता आलं.