सापामागचे खळगे

स्कॉटलंडच्या पूर्व भागात, अँगस परगण्यात, फॉर्फरहून ब्रेकिनला जाणाऱ्या एका आडरस्त्यावर अ‍ॅबरलेम्नो नावाचं छोटंसं गाव आहे. गावात रस्त्याच्या अगदी कडेला काही कोरीव दगड उभे आहेत. डिसेंबरात गेलात तर मात्र नुसत्या लाकडी पेट्या दिसतील. वालुकाश्मात मुरलेलं पाणी थंडीत गोठतं, फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो, म्हणून हिवाळाभर हे दगड झाकून ठेवतात.

त्यातला एक साधारण माणसाच्या उंचीचा आहे. त्याला घडीव आकार नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत. समोरच्या बाजूला वर एक साप, चार-दोन वळणांत अंग वळवून निघालेला. त्याखाली एकमेकींना जोडलेल्या दोन चकत्या आणि त्यांना छेदून जाणारी इंग्रजी झेडसारखी मोडलेली काठी. सगळ्यात खाली आरसा आणि फणी. रेषा इतक्या आत्मविश्वासाने काढल्या आहेत की कोरणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच साप काढला असेल, हे मनाला पटत नाही.

बहुतेक लोक इथे फोटो काढतात आणि पुढच्या दगडाकडे वळतात. पण दगडाला वळसा घालून मागे जावं आणि जरा वाकून बघावं. पायथ्याशी वाटीसारखे काही गोल, उथळ खळगे आहेत. अंगठा किंवा लिंबू बसेल एवढे. साप नाही, काठी नाही, नुसते खळगे.

साप कोरणारे लोक पिक्ट. इ.स. २९७ च्या एका लॅटिन स्तुतिपर भाषणात हे नाव पहिल्यांदा येतं. ‘पिक्टी’ म्हणजे रंगवलेले, कदाचित गोंदलेले. थोडक्यात, हे रोमन लोकांनी ठेवलेलं टोपणनाव. ते स्वतःला काय म्हणत कुणास ठाऊक. दहाव्या शतकाच्या सुमारास त्यांचं नाव इतिहासातून नाहीसं होतं. खळगे मात्र त्यांच्याही फार आधीचे मानले जातात. स्कॉटलंडमध्ये असे खळगे साधारण इ.स.पू. ४००० ते २००० या काळात, म्हणजे नवाश्मयुगात आणि कांस्ययुगाच्या सुरुवातीला कोरले गेले. सापवाल्या कारागिरापासून आपण सुमारे दीड हजार वर्षं दूर आहोत, आणि खळगे त्याच्याहीपासून किमान अडीच हजार वर्षं दूर होते. पिक्ट आपल्याला जितके जुने वाटतात, त्याहून ते खळगे पिक्टांना जुने होते.

हे ठरवतात कसं? दगडाचं वय काढून उपयोग नाही. इथला वालुकाश्म सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. कोरणाऱ्याचा हात त्यावर कधी फिरला, हे तो सांगत नाही. कार्बन कालमापन सेंद्रिय वस्तूंचं होतं: कोळसा, हाड, लाकूड. त्यामुळे पुरावा दगडाच्या आसपास शोधावा लागतो. इन्व्हर्नेसजवळच्या क्लावा इथल्या, सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत असेच खळगे असलेले दगड बसवलेले आहेत. पश्चिम स्कॉटलंडमधल्या किल्मार्टिन परिसरात कोरलेल्या कातळाशेजारी उत्खनन केल्यावर, ज्यांनी ठोकून ठोकून खळगे पाडले ते दगडी हातोडेच सापडले. पिक्टांच्या चिन्हांचंही असंच. स्टोनहेवनजवळ समुद्रात उभ्या असलेल्या डनिकेर नावाच्या सुळक्यावर अ‍ॅबर्डीन विद्यापीठाने उत्खनन केलं आणि चिन्हांची सुरुवात तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत मागे जाऊ शकते, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडला. त्याआधी सहावं-सातवं शतक म्हणायची पद्धत होती.

खळग्यांचं वेड लागलेला एक माणूस इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. जेम्स यंग सिम्पसन, एडिंबरातले प्रसूतितज्ज्ञ. १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारे तेच. एवढा व्याप सांभाळून या गृहस्थांनी स्कॉटलंडभरचे खळगे आणि त्यांच्याभोवती कोरलेली वर्तुळं टिपून १८६७ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्याच सुमारास नागपुरात जे. एच. रिव्हेट-कार्नॅक नावाचे इंग्रज अधिकारी होते. जवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांतल्या, म्हणजे गोलाकार रचलेल्या, धोंड्यांवरचे खळगे पाहून त्यांना सिम्पसनच्या चित्रांची आठवण झाली, आणि दोन्हींमागे एकच प्राचीन जमात असावी असं त्या काळाला शोभणारं अनुमान त्यांनी बांधलं. आज ते टिकत नाही. विदर्भातली शिलावर्तुळं लोहयुगातली, स्कॉटलंडच्या खळग्यांपेक्षा हजारभर वर्षांनी तरी अलीकडची. शिवाय दगडावर दगड आपटत बसलं की खळगा पडतोच. त्यासाठी कुणी कुणाला शिकवायला हजारो मैल चालत जायची गरज नाही.

सापाचं तसं नाही. साप, दोन चकत्या, आरसा ही चिन्हं ठरावीक आहेत. तीस-चाळीस चिन्हं पुन्हापुन्हा येतात, बहुधा जोडीने. म्हणून ही लिपी असावी, कदाचित माणसांची नावं असावीत, असं अनेकांना वाटतं. २०१० मध्ये रॉब ली आणि सहकाऱ्यांनी गणिताचा आधार घेतला. एक चिन्ह दिसल्यावर पुढचं कोणतं येईल, हे किती अनिश्चित आहे ते मोजायचं. मराठीत शब्दाची सुरुवात ‘ळ’ने होत नाही, भाषेत अशी बंधनं असतात, पण सगळंच ठरलेलं नसतं. निव्वळ नक्षीत एकतर सगळं ठरलेलं असतं किंवा काहीच नाही. पिक्टांची चिन्हं मधल्या पट्ट्यात, भाषेच्या शेजारी पडली. आदल्याच वर्षी सिंधू चिन्हांवर याच प्रकारचं गणित प्रसिद्ध झालं होतं; संगणकशास्त्रज्ञ राजेश राव यांच्यासोबत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि निशा यादव त्यात होते. रिचर्ड स्प्रोट या भाषाशास्त्रज्ञाने दोन्ही प्रबंधांवर सडकून टीका केली: भाषा नसलेल्या चिन्हसमूहांचेही आकडे याच पट्ट्यात येऊ शकतात. मला त्याचा आक्षेप वजनदार वाटतो. पण नावांची कल्पना गणिताशिवायही बरीच पटण्याजोगी आहे. उभ्या दगडावर माणसं बहुधा कुणाचं तरी नाव कोरतात.

मग आधीच खळगे असलेला दगड त्यासाठी का निवडला? दगड हाताशी होता, एवढंही कारण असू शकेल. पण उत्तरेला एडर्टन इथे तीन मीटरपेक्षा उंच, टोकदार असा प्रागैतिहासिक उभा दगड आहे आणि त्यावरही पिक्टांनी एक सामन मासा आणि तीच चकत्या-काठीची जोडी कोरली आहे. एवढा दगड नजरेतून सुटत नाही. तो कुणीतरी पूर्वजांनी रोवलाय हे ओळखूनच छिन्नी लावली असणार.

पुढे त्यांच्या दगडांवरही तीच पाळी आली. २०२२ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या पुरातत्त्वज्ञांनी अ‍ॅबरलेम्नोजवळच्या शेतात सापडलेला एक नवा चिन्हांकित दगड जाहीर केला. लांबी १.७ मीटर. तो उभा नव्हता. अकराव्या-बाराव्या शतकातल्या एका इमारतीच्या फरसबंदीत लादी म्हणून बसवलेला होता. माती झटकल्यावर आरसा-फणी, चंद्रकोर, चकत्या दिसल्या, आणि नीट पाहिल्यावर काही चिन्हं आधीच्या चिन्हांवरूनच कोरलेली निघाली.