होमरन का होत नव्हते?

1908 साली अमेरिकेतल्या बेसबॉलमधले शिकागो व्हाइट सॉक्स दीडशेहून जास्त सामने खेळले आणि सगळ्या संघाने मिळून होमरन, म्हणजे साधारण आपले षटकार, मारले 3. संघ तळातला म्हणावा, तर तसंही नाही. शेवटच्या दिवसापर्यंत तो विजेतेपदाच्या शर्यतीत होता. 1911 ते 1914 अशी सलग 4 वर्षं अमेरिकन लीगमध्ये होमरनच्या यादीत आघाडीवर राहिलेल्या फ्रँक बेकरला लोक 'होमरन' बेकर म्हणत. त्याचा सर्वांत चांगला हंगाम 12 चा! आणि 1920 मध्ये बेब रूथने एकट्याने 54 मारले, त्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघापेक्षा जास्त.

'रूथच्या मनगटात बळच तेवढं' असं म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. मला मात्र त्या चेंडूचं जास्त कुतूहल आहे.

बॅट आणि चेंडू एकमेकांना भिडतात ते जेमतेम एक हजारांश सेकंद. तेवढ्यात चेंडू चेपतो, थांबतो आणि उलटा सुटतो. चेपताना आतली लोकर लोकरीवर घासते आणि बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग, याला आपण उसळीगुणांक म्हणू. जोरदार फटक्यात तो साधारण 0.5 असतो. त्यात बॅट मागे रेटली जाते तो हिशेब मिसळला की सूत्र निघतं: सुटण्याचा वेग = 0.2 × चेंडूचा वेग + 1.2 × बॅटचा वेग. चेंडू ताशी 145 किलोमीटरने आला, बॅट 110 ने फिरली, तर 29 अधिक 132, म्हणजे 161. आता उसळीगुणांक 0.45 करा. आकडे 0.16 आणि 1.16 होतात, वेग 151 वर येतो आणि फटका साधारण 10 मीटर अलीकडे पडतो. भिंतीपलीकडे जाणारा चेंडू झेलात जातो!

त्या काळी शक्यतो एकाच चेंडूवर सामना उरकत. प्रेक्षकांत गेलेला चेंडूही परत मागून घेत. थुंकी, माती, तंबाखूच्या पिचकाऱ्या यांनी माखून, मार खाऊन तो शेवटी मऊ पडे. आपल्याकडे 80 षटकं झालेला चेंडू आठवा. 1911 च्या सुमारास रबराच्या जागी कॉर्कचा गाभा आला, धावा वाढल्या. पण पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, चेंडू घासून-खरवडून लवकरच बरोबरी साधली. 1920 च्या हंगामाआधी थुंकी लावण्यावर बंदी आली. त्याच ऑगस्टमध्ये बॅटिंग करणाऱ्या रे चॅपमनच्या डोक्याला चेंडू लागून तो दगावला, आणि मळके चेंडू भराभर बदलले जाऊ लागले.

रूथचं श्रेय मी नाकारत नाही. सूत्रातला 1.2 पाहा: फायदा बॅटच्या वेगात आहे. बाकीचे मूठ वर सरकवून बॅट आखडती फिरवत. रूथ टोकाला धरून पूर्ण घुमवी. म्हणून जुन्याच चेंडूंवर, 1919 मध्ये, त्याने 29 मारले. त्या हंगामानंतर बॉस्टनने त्याला विकलं आणि 2004 पर्यंत त्यांना वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद मिळालं नाही. लोक त्याला रूथचा शाप म्हणत. आपली साडेसाती निदान साडेसात वर्षांत आटोपते!

29 ने मोडला तो विक्रम नेड विल्यमसनच्या 27 चा, 1884 मधला. त्यातले 25 शिकागोतल्या घरच्या मैदानावरचे, जिथे बाजूची भिंत 60 मीटरच्या आत होती. आदल्या वर्षीपर्यंत तिच्यावरून गेलेल्या चेंडूला दोनच बेस मिळत, होमरनचे चार नव्हे. 1885 मध्ये क्लबने मैदान बदललं. विल्यमसनचे होमरन झाले 3.